जुनं पाणी

१९८७, छिंगमिंगच्या सणाला पूर्वजांची थडगी झाडून आलो त्याचा दुसरा दिवस

वेनश्यू,

खुशाली विचारत नाही. तुझा नवरा, माझा गेनशंग, दर महिन्याला ट्रक घेऊन नानछांगहून गावी येतो, त्याच्याकडून कळतं. मला विचारायचं ते वेगळंच आहे.

थंडीत तू भर अंगणात, शेजारची माओ वहिनी कुंपणावर वाळवण घालत उभी असताना, मोठ्याने म्हणालीस की या घरात मुलीला विष खाऊ घालतात. आणि मानमानला उचलून गेलीस. चार वर्षांची पोर, जाताना माझ्याकडे हात करून रडत होती. आता सगळं गाव मला विचारतं, "काय गं, सून कधी येणार?" मी सांगते, शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तिला, काम फार असतं. खोटं बोलायची मला सवय नाही. घामच फुटतो.

तर ऐक. मी पिवळी पूड बंद केली. तू मुरदाडशिंग म्हण, शिसं म्हण, काय म्हणायचं ते म्हण. या हंगामात बदकाची अंडी मुरवून काळी करायच्या एकाही रांजणात ती पडलेली नाही. चुना, सोडा, मीठ, चहाची पत्ती, भाताच्या पेंढ्याची राख. बास. माझा म्हातारा किती भांडला तुला कल्पना नाही.

"माझ्या बापाने घातली, मी घातली, पूड नसेल तर अंडं घट्ट धरणार कशाने? तुझ्या सुनेच्या पुस्तकाने?"

मी म्हटलं, "धरलं नाही तर नाही धरलं. पण ती आली पाहिजे."

"म्हणजे सुनेला घाबरलीस."

"नातीला घाबरले," मी म्हटलं आणि पोतं उचलून मागच्या खोलीत टाकलं.

आता तुझं म्हणणं राहिलं नाही. पोरीला घेऊन ये.

जी अक्षरं येत नाहीत तिथे गोल काढलेत. साक्षरतेच्या वर्गात दोनच हिवाळे गेले होते मी, तेही चुलीपाशी जागा मिळायची म्हणून. तू शिकलेली आहेस, तुझं तू ओळख.

सासू,
लुओ शुइलियान

ड्रॅगन-होड्यांच्या सणाआधी

वेनश्यू,

तुझं पत्र मिळालं. पोरीबद्दल अर्धं पान आणि बाकी चार पानं रसायन. मी काय तुझी विद्यार्थिनी आहे?

आधी माझं ऐक. सगळी खेप वाया गेली. सणाला लोक काळी अंडी मागतात, तेव्हा आमच्याकडे काय, तर फोडलं की हातात पाणी. पहिल्या आठवड्यांत छान धरली होती. मी एक काढून तळहातावर आपटून पाहिलं, आतून थरथर लागली, जशी लागायला हवी. म्हटलं जमलं. त्यानंतर दहा-बारा दिवस रांजणात राहिली, आणि धरलेलं परत सुटलं. पांढऱ्याची आधी खळ होते, ती मोडून पाणी होतं, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. खरेदी केंद्राचा माणूस नाकाला रुमाल लावून उभा राहिला. म्हातारा वाया गेलेली अंडी मोजत बसला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तू लिहितेस की चुना आणि सोडा पाण्यात जोडीदार बदलतात, खडू तळाशी बसतो आणि जळजळीत खार वर राहतो. हे मला कळलं, तळाशी पांढरं बसतं ते मी रोज खरवडते. तो खार कवचाच्या बारीक भोकांतून आत जातो, पांढऱ्यातल्या लांबलांब साखळ्या उलगडतो, त्या एकमेकींत अडकतात आणि खळ होते. हेही कळलं. खार आत येतच राहिला तर त्या साखळ्याच तुटतात आणि पाणी होतं. आणि पिवळी पूड काय करायची, तर अंड्यातल्या गंधकाशी बांधली जाऊन काळा दगड व्हायची आणि ती भोकं बुजवायची. म्हणजे आमचा सासरा उगाच घालत नव्हता, हे तरी तू लिहिलंस. ते वाक्य मी म्हाताऱ्याला तीनदा वाचून दाखवलं.

पण ते अणू एकमेकांचे हात धरतात असलं लिहू नकोस. कशाला हात असतात? लहान पोरांना सांगायचं ते मला सांगू नकोस. सरळ लिही.

सरळ एवढंच विचारते. त्या पुडीतलं विष काढून टाकून पूड वापरता येते का? माओ वहिनी म्हणते, लोखंडी कढईत लाल होईस्तोवर भाजायची, धूर गेला की विष गेलं. तिने भाजूनच घातली. तिची अंडी मस्त झाली. मी पाण्यात उकळून, निथळून, उन्हात वाळवून पाहू का? ऊन कशालाही मारतं.

म्हातारा म्हणतो हात दुखतो. चमचा हातातून पडतो. वय झालं, त्याचं काय.

पोरीचं पोट अजून दुखतं का ते चार ओळींत लिही. रसायन नंतर.

लु. शु.

उन्हाळा, झाडांवरच्या किरकिरणाऱ्या किड्यांनी डोकं उठवलंय

वेनश्यू,

"शिसं हा अणूच आहे. तो जळत नाही, उकळत नाही, उन्हात मरत नाही. फक्त कशाशी बांधलाय ते बदलतं." हे तुझं वाक्य मी माओ वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग धूर कसला निघाला?" मी म्हटलं, तुझ्या अकलेचा. ती आठ दिवस बोलत नव्हती. फार शांत गेले ते आठ दिवस.

आता तू बस आणि वाच. जमलं!

एक कणही पूड घातली नाही. गेनशंगच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. आणि अंडी अशी झालीत की मी लग्न होऊन आले तेव्हापासून अशी पाहिली नाहीत. पांढरं चहाच्या रंगाचं, आरपार, दाबलं की उसळतं. त्यावर पाइनच्या पानांसारखी नक्षी, अगदी भरून. पिवळं आत मऊ, बाहेर हिरवट. मी कापून बशीत मांडलं, वर आलं-व्हिनेगर घातलं, म्हाताऱ्यासमोर ठेवलं.

तो म्हणाला, "पूड घातलीस."

"नाही घातली."

"घातलीस. मला शिकवतेस?"

"पोतं जाऊन बघ. गाठ मी मारलेली आहे, तशीच आहे."

तो गेला, बघून आला आणि बशी संपवली. आमच्याकडे याला शाबासकी म्हणतात.

काय केलं विचारशील. काही नाही. गेल्या खेपेला मी रुसून सगळं ताजं पाणी केलं होतं. या खेपेला नेहमीसारखं जुनं पाणी आधी घातलं, मग वर ताजं. ते तर घालायचंच असतं. प्रत्येक खेपेचं तळाचं पाणी राखून पुढच्या रांजणात घालतात, त्याशिवाय चवच येत नाही. आमचं जुनं पाणी सासऱ्याच्या काळापासूनचं आहे. पुरात घर सोडावं लागलं तेव्हा सासूबाईंनी दागिने मागे सोडून तो हंडा डोक्यावर घेतला होता. म्हाताऱ्याचं म्हणणं, त्यातच सगळी करामत. तो रोज बोट बुडवून जिभेला लावतो आणि खार कमी की जास्त सांगतो. कधी चुकत नाही.

गेनशंगबरोबर अंडी पाठवतेय. तुझ्या त्या काचेच्या नळ्यांत घालून बघ, काय बघायचं ते. आणि मग मला लिही की, आई, तुम्ही केलंत. तेवढंच लिही. पोरीला घेऊन यायचा दिवस लिही. नवी चटई घेतलीय तिच्यासाठी.

सासू

पांढरं दव पडायला लागलं

वेनश्यू,

दोनदा तपासलंस का? नळ्या धुतलेल्या होत्या का? तुमच्या शाळेची पोरं काय नीट धुणार!

गेनशंगने दारातच सांगितलं, "आई, शिसं आहे. पहिल्यापेक्षा थोडं कमी, पण आहे." मी त्याच्या पायाशी टोपली फेकली. बिचारा अंडी गोळा करत बसला. तुझा नवरा गरीब आहे, त्याला दोन्हीकडून मार.

दोन दिवस माझ्या डोक्यात एकच प्रश्न. घातली नाही तर आली कुठून? चोर शिरला का रात्री पूड टाकायला? मग तुझं पत्र परत उघडलं. तू एकच ओळ लिहिली आहेस, "आई, जुन्या पाण्याचं काय?"

मी मूर्ख नाही. सावकाश कळतं, पण कळतं. सासऱ्याने घातलेली पूड. म्हाताऱ्याने घातलेली. मी स्वतः घातलेली. त्यातली अंड्यात गेली ती लोकांच्या पोटात गेली. उरली ती कुठे जाणार? जळत नाही, उकळत नाही, मरत नाही. त्या हंड्यातच बसलीय, आणि आम्ही तिला दर हंगामाला नव्या घरात नेऊन ठेवतो. इतकी वर्षं ज्याला करामत म्हणत होतो ते हेच.

माझा राग कोणावर काढू सांग. तुझ्यावर काढत होते ते सोपं होतं.

लगेच उचलला हंडा, म्हटलं ओढ्यात ओतून मोकळी होते. काठाला पोचले आणि बदकं आली धावत, मी काही आणलं की ती येतातच. चिखलात चोच घालून उभी. मी हंडा तसाच परत आणला. हात भरून आले. फेकायचं म्हणजे कुठे फेकायचं? ओढ्यात टाकलं तर बदकात, बदकातून अंड्यात, अंड्यातून परत आमच्याच बशीत. जमिनीत टाकलं तर विहिरीत. जगात "बाहेर" अशी जागाच नाही का? तुम्ही शिकलेले लोक विष आहे एवढं सांगता आणि गप्प बसता. ते ठेवायचं कुठे हे कोण सांगणार?

आणि एक. म्हाताऱ्याचा हात दुखत नाही. मी तुला तसं लिहिलं होतं. हात मनगटातून खाली लोंबतो. उचलताच येत नाही. पोटात कळ आली की खाटेची कड धरतो, तीही डाव्या हाताने. हिरड्यांवर निळी रेघ आहे. तू मानमानच्या वेळी डॉक्टरला विचारून आली होतीस ना, मोठ्या माणसात काय होतं ते? तेच लिही. गोड करून लिहू नकोस. बोट जिभेला लावणं मी बंद केलंय. त्याचा हात पकडून बंद केलंय.

उत्तर गेनशंगच्या हाती लगेच दे.

शुइलियान

थंडीची सुरुवात

वेनश्यू,

म्हाताऱ्याला जिल्ह्याच्या इस्पितळात नेऊन आणलं. तू सांगितलेलं औषध तिथे आहे, सुई देतात, शिशाला पकडून लघवीतून बाहेर काढते म्हणे. ती लघवी कुठे जाते, हे मी नर्सला विचारलं. तिने मला वेडी ठरवलं.

आता हंड्याचं. कातडी कमावणाऱ्यांकडे केस काढायला जो गंधकी खार असतो तो घालायचा, म्हणजे शिसं गंधकाशी असं घट्ट बांधलं जाईल की पाण्यात परत सुटणार नाही, असं तू लिहिलंस. मला एवढंच बघायचं होतं की हे घट्ट म्हणजे किती घट्ट. तू लिहिलंस, दगडासारखं. मग ठीक.

खार आणला. तोंडाला फडकं बांधलं, हातात रबरी मोजे. अंगणात रांजण मांडला, जुनं पाणी ओतलं. म्हातारा खाटेवरून उठून आला आणि रांजणाला टेकून बसला. उठेचना.

"गेनशंगची आई, हे माझ्या आईने पुरातून आणलंय."

"माहीत आहे."

"हे गेलं तर आपल्याकडे काय राहिलं? चुना? चुना कोणाकडेही असतो."

"उठ तिथून. अंगावर उडेल."

"उडू दे. इतकी वर्षं पोटात गेलं, आता अंगावर उडून काय होणार?"

मला असा संताप आला! मी म्हटलं, "तुझ्या पोटात गेलं ते गेलं. मानमान रांजणांच्या त्या शेडमध्ये मातीचा भात करून खेळायची. तुझ्या मांडीवर बसायची आणि तू ज्या बोटाने पाणी चाटायचास त्याच बोटाने तिला भरवायचास. आणि मी बघत होते, मला किती कौतुक! आता तू इथे बस, मी तुझ्या डोक्यावरून ओतते."

मग गंधकी खाराची बादली उचलायला त्याने उजवा हात पुढे केला. हात कडीपर्यंत गेला आणि तिथे नुसता लोंबला. बोटं वळेनात. त्याने डाव्या हाताने उजवा धरून कडीवर ठेवला, तरी वळेनात. मी दुसरीकडे बघितलं.

तो सरकला. म्हणाला, "ओत."

मी ओतलं. वेनश्यू, चहाच्या रंगाचं पाणी क्षणात काळं झालं. शाईसारखं नाही, त्याहून काळं, जड. इतकं त्यात होतं! सकाळपर्यंत सगळं काळं तळाला बसलं आणि वर पाणी निवळलं. वरच्या पाण्याची बाटली तुला पाठवली होती, त्यात शिसं उरलं नाही असं उत्तर आलं तेव्हा मी सुटले. तळाचा गाळ सिमेंटमध्ये कालवून त्याच रांजणात घट्ट केला आणि ओढ्यापासून लांब, टेकाडावर पुरला. गेनशंगने खणलं. म्हातारा पुढे उभा राहून खड्डा वाकडा आहे म्हणून ओरडत होता.

माओ वहिनी विचारायला आली, "कोणाला पुरताय गं?" मी म्हटलं, सासऱ्याच्या पाण्याला. ती हसली. मग मी तिला बसवून सगळं सांगितलं, तिच्या कढईसकट. आता नाही हसत.

नवे रांजण, नवं पाणी, आणि पिवळ्या पुडीच्या जागी तू सांगितलेलं चिमूटभर मोरचूद. पाणी निळसर होतं. अंडी धरलीत. जुन्यासारखी नाहीत, शंभरातली वीस-पंचवीस अजून सैल. नक्षी विरळ. चव थोडी बोडकी. म्हातारा म्हणतो चालेल. डाव्या हाताने खाल्लं त्याने.

अंडी पाठवतेय. आणि त्यातच एका कागदाच्या पुडीत शेडमधली माती आहे, जिथे पोर खेळायची तिथली. तीही बघ.

शुइलियान

वर्षअखेर, स्वयंपाकघराच्या देवाला निरोप दिला

वेनश्यू,

पत्र वाचलं. म्हाताऱ्याला वाचून दाखवलं, त्याने परत वाचायला लावलं. अंड्यांत शिसं नाही. "आई, तुम्ही केलंत," असंही लिहिलंस. उन्हाळ्यात मी ते मागितलं होतं म्हणून लिहिलंस की मनापासून, ते मला कळत नाही आणि मला त्याची पडलेली नाही. मानमानच्या रक्तातलंही उतरलं, पोट दुखत नाही, वर्गात कविता म्हणते. हे वाचून मी शेजारी जाऊन माओ वहिनीशी उगाचच भांडून आले. दुसरं काय करणार?

आणि शेवटी लिहिलंस, नव्या वर्षाच्या जेवणाला आम्ही तिघं गावी येतो. वर्षभर मी हेच मागत होते.

येऊ नका.

मी मातीची पुडी पाठवली होती. तू चार पानं लिहिलीस, अंड्यांचं, पाण्याचं, म्हाताऱ्याच्या औषधाचं. मातीचं एक अक्षर नाही. तू विसरणारी नाहीस. लिहिलं नाहीस म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं नाहीस. तू पहिल्यांदाच माझ्याशी गोड वागलीस आणि ते नेमकं नको तिथे. यापुढे असं करू नकोस. तुझ्या तोंडावर बोलण्याचाच तर मला उपयोग झाला.

अंडी स्वच्छ झाली, घर नाही झालं. मी आता चालते तिथे मला ती पूड दिसते. शेडच्या जमिनीत आहे. तुळयांवरच्या धुळीत आहे. उंबऱ्याच्या भेगेत आहे, जिथे बसून पोर अंगठा चोखायची. पोतं मीच झटकायचे, वारा कुठे असेल तिकडे. मी घासते, धुते, आणि धुतलेलं पाणी बादलीत धरून बसते, कारण आता ओतवतच नाही कुठे. वसंतात शेडची माती हातभर खणून काढणार आहोत. पुरायची कुठे, ते तू लिहून कळव. तोवर पोरीने या अंगणात पाऊल टाकायचं नाही. ती रडली तरी नाही, मी बोलावलं तरी नाही. मी बोलावीनही कदाचित, माझा भरवसा नाही. तू आणू नकोस.

वर्षाच्या जेवणाला मुलाने-सुनेने म्हाताऱ्यांकडे यायचं असतं. आजवर या गावातलं कोणी उलटं गेलेलं नाही. लोक म्हणतील, शुइलियानला सुनेने बोलावून घेतलं, आता तिच्या दारात बसून जेवणार. म्हणू देत. आम्ही येतोय. गेनशंगच्या ट्रकमधून, दोघंही.

काही आणणार नाही. अंडी नाही, तांदूळ नाही, गोधडी नाही, या घरातलं काहीच नाही. रिकाम्या हाताने सणाला जायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण येईन. तू काय करायचं ते ऐक. दाराबाहेर जिन्यात कोऱ्या कपड्यांचे दोन जोड ठेव, माझा आणि त्याचा. म्हाताऱ्याचा सदरा बटणांचा नको, त्याला लावता येत नाहीत. गरम पाणी आणि साबण ठेव. अंगावरचे कपडे पिशवीत बांधून गेनशंग परत नेईल. तुमच्या शेजारच्यांनी बघितलं तर बघू दे, दोन म्हातारी माणसं जिन्यात कपडे बदलतायत.

मानमान आतून आवाज ऐकून धावत येईल. ती तशीच आहे, दार वाजलं की पळते. तिला धरून ठेव. ती हात पुढे करेल, ओरडेल, मलाही ओरडेल. तू सोडू नकोस. मी केस धुवेपर्यंत, नखं घासेपर्यंत सोडू नकोस. मी चिडले तरी नाही.

मग सोड.

लुओ शुइलियान